लाल्यानं पास केलेलं मशीन

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याला, त्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळे लाल्या म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण त्यांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. दुकानांतून विकलेले आणि गिऱ्हाइकांनी परत केलेले लॅपटॉप तिथे येतात. ते तपासायचे आणि पुन्हा विकायच्या लायकीचे आहेत की नाहीत ते ठरवायचं, हे भाऊजींचं काम. चांगल्याला हिरवं स्टिकर, दुरुस्त होण्याजोग्याला पिवळं, आणि बाकीच्यांना लाल. इतर तपासनिसांची हिरवी गुंडाळी आधी संपते, भाऊजींची लाल. सत्तावीस वर्षांत त्यांना कुणी चिरीमिरी देऊ केली नाही, कारण तसं करायला कुणी धजावलंच नाही.

मी शाळेत गणित शिकवते आणि माझा स्वभाव याच्या अगदी उलटा. पोरगं दोन मार्कांनी नापास होत असेल तर मी पेपर पुन्हा उलटसुलट करून कुठून तरी दोन मार्क शोधून काढते. भाऊजी मला मास्तरीणबाई म्हणतात. "तुम्ही पुढे ढकललेली पोरंच मोठी होऊन या बिजागऱ्या बनवतात," असं ते मला दर दोन-तीन महिन्यांनी ऐकवतात. त्यांच्याजवळ एकूण दोनच विनोद आहेत, त्यातला हा एक. दुसरा ताईसाठी होता. ताई म्हणायची, "एवढे चिकित्सक तुम्ही, मला बरं हिरवं लावलंत!" त्यावर भाऊजी मान वर न करता म्हणायचे, "पिवळं होतं." दरवेळी ताई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसत सुटायची.

त्यांची तपासणी मी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन बघितली आहे. पत्र्याचं लांबलचक शेड, उंचावर खिडक्या, आणि टेबलांची रांग. भाऊजींचं टेबल शेवटचं, भिंतीकडे तोंड केलेलं. त्यावर रबरी चटई, पुसायचं कापड, भिंग आणि एक वही. हल्ली ते पाठीमागे पार वळणारे, टचस्क्रीनचे छोटे स्वस्त लॅपटॉप फार येतात. त्यांच्यावर भाऊजींचा पहिल्यापासून राग. "एका वस्तूला दोन वस्तूंचं काम सांगितलं की ती दोन्हीकडे अंग चोरते," असं त्यांचं मत. बिजागरी दोनशे वेळा उघडायची आणि मिटायची, मग उलट दिशेने पार मागे नेऊन टेकवायची. मागे वळल्यावर कीबोर्ड आपोआप बंद पडला पाहिजे, नाहीतर मांडीवर घेतलं की मशीन स्वतःच काहीबाही लिहीत सुटतं. पडद्यावर एका बोटाने उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि रेघ कुठे तुटते ते भिंगातून बघायचं. माइकपुढे एक ते शंभर अंक म्हणायचे, तेही नेहमी स्वतःच्याच आवाजात, कारण नमुना बदलला की तुलना करता येत नाही. एवढं सगळं झालं की मशीन चौदा दिवस रोज चालवून बघायचं आणि मगच स्टिकर लावायचं.

इतर लोक दोन दिवसांत मोकळे होतात. भाऊजीही पूर्वी होत असत. पण एकदा त्यांनी दोन दिवसांत हिरवं लावलेलं मशीन एका मुलीने घेतलं आणि नवव्या दिवशी ते बंद पडलं. तिचा पाच वर्षांचा प्रबंध त्यात होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता. ती मुलगी वर्कशॉपमध्ये आली, भांडली नाही, नुसती स्टुलावर बसून राहिली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून चौदा दिवस.

आणखी एक नियम त्यांचा अगदी पक्का. परत आलेल्या मशीनमध्ये माणसांचं बरंच काही राहिलेलं असतं, पत्रं, फोटो, काय नि काय. इतर तपासनीस चहाच्या वेळी ते उघडून बघतात, हसतात, एकमेकांना दाखवतात. भाऊजींनी कधी एकही फोटो बघितलेला नाही. मशीन हातावेगळं करायच्या आधी ते त्यात न डोकावता सगळं पुसून टाकतात. 'कोरं करणं' हा त्यांचा शब्द. त्यांनी कोरं केलेल्या मशीनमधून कुणीही काही परत काढू शकत नाही. "लोकांची लाज आपल्या हातात असते," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मला ते फार मोठे वाटले होते. आजही हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही.

घरात बोलायचं खातं मात्र ताईकडे. ती एका मोठ्या दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायची. रक्त कुठे द्यायचं, एक्स-रे कुठे काढायचा, कुठल्या डॉक्टरचा मूड आज बरा आहे, सगळं तिला विचारायचं. दिवसभर बोलून ती घरी यायची आणि पुन्हा बोलायला बसायची. भाऊजींचे फोनही तीच घ्यायची. "ते बाथरूममध्ये आहेत, काय ते मला सांगा," असं म्हणायची, आणि भाऊजी समोरच बसलेले असायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आमची आई तिला म्हणायची.

तीच जीभ आधी जड झाली. खिडकीवर लोक "काय म्हणालात?" असं पुन्हा पुन्हा विचारायला लागले. मग हातातून चमचे पडायला लागले. दमली असेल, झोप झाली नसेल, दात दुखत असेल, असं आम्ही सगळ्यांनी म्हणून बघितलं. त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि ज्या बाईला रोज नमस्कार करायचे तिला समोर बसवून सांगितलं की स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत आणि यावर औषध नाही. आधी बोलणं जाईल, मग गिळणं, मग हात. पुढचं ताईने त्यांना बोलू दिलं नाही. "पुढचं मला माहीत आहे, ती खोली डावीकडे शेवटची," असं ती म्हणाली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी कागद चाळले.

तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला एक वाट दाखवली. एक प्रोग्राम होता. त्यात ताईने तिच्या आवाजात तीनशे वाक्यं म्हणायची. तीनशे पुरी झाली की ती सगळी एकदम पाठवायची, आणि त्यांतून तिच्यासारखा आवाज तयार होऊन परत येणार. मग बोलणं गेलं तरी ताई बोटाने पडद्यावर लिहील आणि मशीन तिच्या आवाजात बोलेल. मशीन फार भारी नको, स्वस्तातलंही चालेल. फक्त हलकं हवं, टचस्क्रीनचं हवं, आणि मागे वळून तंबूसारखं उभं राहणारं हवं, म्हणजे पलंगावरच्या छोट्या टेबलावर राहील. "आवाज अजून चांगला आहे," बाई म्हणाल्या, "पण दोन महिनेच धरा. आज सुरू केलंत तर उत्तम."

भाऊजी म्हणाले, "मी बघतो."

मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आयता जाणकार घरात, मग आपण कशाला डोकं चालवायचं? त्याच आठवड्यात माझ्या शाळेजवळच्या दुकानात तसलंच एक मशीन सवलतीत होतं. मी भाऊजींना फोन करून कंपनी सांगितली. ते म्हणाले, "त्याची बिजागरी सहा महिन्यांत ढिली होते." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सहा महिने म्हणजे आपल्याला हवे त्याच्या तिप्पट दिवस झाले, हा हिशोब गणिताच्या शिक्षिकेला त्या वेळी सुचला नाही.

पहिलं मशीन भाऊजींनी आठवड्याने आणलं. परत आलेल्या मालातलंच होतं, पण दिसायला नवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांनी ते तोललं, एक किलो शंभर ग्रॅम भरलं. ताईच्या हाताला झेपेल का ते बघायला त्यांनी तिला ते उचलून धरायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. ताई म्हणाली, "मी वाक्यं कधी म्हणायची?" ते म्हणाले, "आधी हे कसं आहे ते कळू दे." सहाव्या दिवशी तंबूसारखं उभं केलेलं मशीन हळूहळू पसरत खाली बसलं. बिजागरीत दम नव्हता. लाल.

मी म्हटलं, "मागे उशी लावून उभं करू की." भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की हातातली उशी मी परत खुर्चीवर ठेवली.

दुसरं मशीन यायला दहा दिवस गेले. हे बरं निघालं. भाऊजी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते घेऊन बसत, रेघा ओढत, एक ते शंभर म्हणत. ताई शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत असे. तिचे शब्द आता घरंगळायला लागले होते, पण कळत होते. एकदा ती म्हणाली, "त्या शंभर अंकांच्या जागी मी माझी वाक्यं म्हटली तर नाही का चालणार? माइकला काय, कुणीही बोललं तरी सारखंच."

"नमुना एकच लागतो," भाऊजी म्हणाले.

"मग मला करा ना नमुना."

"तुझा आवाज रोज थोडा वेगळा असतो," ते म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. ते उठून पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, माझी शाळा अर्धीच. मी ताईकडे गेले तेव्हा ती त्या मशीनसमोर बसली होती. भाऊजी कामावर. "धाकटे," ती म्हणाली, "तो प्रोग्राम घाल बरं यात. त्यांना विचारत बसले तर माझी बोलती इथेच बंद व्हायची." मी थेरपिस्ट बाईंचा कागद काढला, प्रोग्राम घातला, मशीन तंबूसारखं उभं केलं आणि पडदे ओढून घेतले. वाक्य पडद्यावर यायचं, ताई ते म्हणायची, प्रोग्राम जरा विचार करायचा आणि हिरवी खूण करायची. दार लाव, वारा येतोय. माझा चष्मा कुठे आहे? उद्या कोण येणार आहे? ताई मधेच भडकायची, "ही वाक्यं कुणी लिहिली? एवढं गोड मी जन्मात कधी बोलले नाही." मग ती दवाखान्यातल्या खिडकीवरचा आवाज लावायची, कधी आईची नक्कल करायची, आणि पुन्हा नीट म्हणायची. त्या दुपारी बासष्ट वाक्यं झाली आणि बासष्टही हिरवी. "बघ," ती म्हणाली, "घरात कुणीतरी पहिल्या झटक्यात पास झालं."

भाऊजींना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. चाचणी बिघडवली म्हणून ते पहिल्यापासून चौदा दिवस मोजायला लागतील, अशी भीती होती. शिवाय तीनशे झाली की एकदम ऐकवायचं, असं ताईच्या मनात होतं. मजा करायची होती तिला. पुढच्या शनिवारी पुढची वाक्यं, असं म्हणून मी चहा पिऊन घरी आले.

पुढच्या आठवड्यात, मशीनच्या बाराव्या दिवशी, भाऊजींना दिसलं की मशीन तापलं की पडद्याच्या उजव्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी मुकी होते. तिथे कितीही बोट लावलं तरी काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीन पिशवीत घालून वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. ताईला वाटलं, दाखवायला नेलं असेल. संध्याकाळी ते रिकाम्या हातांनी आले. मी तेव्हा तिथेच वह्या तपासत बसले होते.

ताईने विचारलं, "मशीन?"

"लाल केलं. कडेची पट्टी जाते. नेमकं तिथेच तुझं 'बोला'चं बटण येणार."

"त्यात काही होतं का, बघितलंत?"

"मी कधी बघतो का?" भाऊजी म्हणाले. आवाजात अभिमान होता. "कोरं करून दिलं."

ताईने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातलं लाल पेन तसंच राहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने मान हलवली, जेमतेम. भाऊजी हात धुवायला गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं. "त्यांना एक अक्षर सांगायचं नाही," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला तिला वेळ लागत होता. "त्या प्रबंधवाल्या मुलीसाठी हा माणूस अकरा वर्षं झुरतोय. हे कळलं तर उरलेलं आयुष्य कसं काढेल? मी पुन्हा म्हणेन. बासष्टच तर होती." अळीमिळी गुपचिळी. मी तिचं ऐकलं, आणि आजपर्यंत पाळलं आहे.

पण राग मला आवरला नाही. मी बाहेर येऊन भाऊजींना सांगितलं की उद्या मी दुकानातून नवं मशीन आणते. ते म्हणाले, "नवं म्हणजे कुणीच न तपासलेलं." मी म्हटलं, "भाऊजी, अति तिथे माती होते." ते म्हणाले, "तिचं सगळं त्या मशीनमध्ये असणार आहे, मास्तरीणबाई. मधेच ते मेलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" याला उत्तर माझ्याजवळ होतं, पण नुकतीच शपथ घेतली होती. ताई म्हणाली, "आणतील ते. राहू दे." आणि मी राहू दिलं. त्या रात्री घरी जाताना मी त्या दुकानावरून गेले. दुकान उघडं होतं.

तिसरं मशीन तापायचं. ताईच्या मांडीवर वीस मिनिटं ठेवलं की चटका बसायचा, आणि तिला आता पायही पटकन हलवता येत नव्हते. भाऊजींनी ते आधी स्वतःच्या मांडीवर ठेवून बघितलं, कातडीवर लाल डाग उठला, वहीत लिहिलं. हे मशीन परत करणं बरोबर होतं, हे मी कबूल करते. फक्त त्यात आणखी नऊ दिवस गेले. मशीन पास व्हायच्या आधी पुन्हा काही म्हणायला ताई तयार नव्हती, हेही कोरं झालं तर म्हणून.

या दिवसांत ताईचा आवाज रोज थोडा थोडा आत जात होता. आधी मला फोनवर कळेना, मग समोर बसूनही कळेना. भाऊजींना मात्र कळायचं. ती काहीतरी म्हणायची आणि ते उठून खिडकी लावायचे. मी विचारायचे, "काय म्हणाली?" ते म्हणायचे, "वारा लागतोय म्हणाली." मला वाटतं त्यामुळेच त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या कानांना ती अजून स्वच्छ बोलत होती.

चौथं मशीन पास झालं. पूर्ण चौदा दिवस, एकही खोट नाही. बिजागरी घट्ट, कीबोर्ड वळल्याबरोबर बंद, रेघा सलग. आडवं ठेवलं तर आवाज पलंगपोसात दबतो पण तंबू केला की मोकळा येतो, एवढी एकच नोंद त्यांच्या वहीत होती. त्यांनी ते कापडाने पुसलं आणि मागच्या बाजूला हिरवं स्टिकर लावून ताईच्या समोर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. थेरपिस्ट बाईंनी सांगितलेले दोन महिने कधीच सरले होते, अकरावा आठवडा चालू होता. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी मुलांना कित्येकदा समजावून सांगितली आहे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बसलो. ताई पलंगावर, पाठीला तीन उशा. मी पलंगाच्या कडेला. भाऊजी स्टुलावर, वही घेऊन. पहिलं वाक्य आलं. ताईने दम घेतला आणि म्हटलं. प्रोग्रामने विचार केला आणि लाल फुली मारली. पुन्हा म्हणा, असं खाली आलं. तिने पुन्हा म्हटलं, पुन्हा फुली. भाऊजींनी पंखा बंद केला. दुसऱ्या वाक्याला फुली. त्यांनी खिडक्या लावल्या. तिसऱ्याला हिरवी खूण आली तेव्हा आम्ही दोघंही मोठ्याने "हां!" म्हणालो. मग सलग सात फुल्या. भाऊजी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचा प्लग काढून आले. वीस वाक्यं झाली तेव्हा तीन हिरवी होती आणि ताईच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. मी ती पुसली.

"माइकमध्ये दोष आहे," भाऊजी म्हणाले. "माझ्याकडून सुटला."

त्यांनी मशीन स्वतःकडे वळवलं. पडद्यावर एकविसावं वाक्य होतं. त्यांनी घसा साफ केला आणि शंभर अंक म्हणायच्या त्या सपाट आवाजात वाचलं, "मला थोडा वेळ एकटीला बसू दे."

हिरवी खूण आली. लगेच आली, प्रोग्रामला विचारही करावा लागला नाही.

भाऊजी त्या खुणेकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटाने ते वाक्य पुसलं, मशीन पुन्हा ताईकडे वळवलं आणि वही मिटली. मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. बासष्ट, बासष्ट, असं माझ्या डोक्यात चाललं होतं, आणि ताई माझ्याकडे टक लावून बघत होती. मी उठून फ्रिजचा प्लग लावायला गेले आणि तिथेच रडले. भाऊजींवर रडले, त्या उघड्या दुकानावर रडले, आणि स्वतःवर सगळ्यात जास्त.

मी थेरपिस्ट बाईंना फोन केला. मार्क शोधायची सवय आहे मला. तीन हिरव्या आहेत, सतरा जवळजवळ आहेत, काही करता येईल का, असं विचारलं. त्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्याकडे ग्रेस मार्क नव्हते. "आता तयार आवाजांतला एक निवडा," त्या म्हणाल्या. "पाच आहेत."

त्या आठवड्यात भाऊजींनी पाचही आवाज ऐकले. वहीत पाच रकाने आखले. पहिला घाईत बोलतो, दुसरा जाड, चौथा लहान मुलीसारखा, पाचवा वाक्याच्या शेवटी वर जातो. ताईने शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. तिसरा आवाज स्वच्छ होता, समजूतदार होता, शुद्ध होता. कुठल्याही चौकशीच्या खिडकीत तो शोभला असता.

मी पुढच्या शनिवारी गेले. ताईच्या उजव्या हाताचं एक बोट अजून नीट चालत होतं. पलंगावरच्या टेबलावर मशीन तंबूसारखं उभं होतं, मागचं हिरवं स्टिकर भिंतीकडे. भाऊजी स्वयंपाकघरात सूप गाळत होते, कारण आता तिला सगळं गाळूनच लागायचं. दार उघडं होतं, त्यांची पाठ आम्हाला दिसत होती. ताईला काहीतरी हवं होतं. तिने बोट पडद्यावर नेलं आणि अक्षरं एकेक करून लावली. मग 'बोला'वर बोट ठेवलं.

"अहो," मशीन म्हणालं.

भाऊजी सूप गाळत राहिले. चांगला स्पष्ट आवाज होता, तंबू केलेला होता, त्यांच्यापर्यंत पोचत होता. ताईने पुन्हा बोट ठेवलं. "अहो." त्यांनी गाळणी ठोकून रिकामी केली आणि नळ सोडला. एकतीस वर्षांत या हाकेला ते वळले नाहीत असं मी कधी बघितलेलं नव्हतं. झोपेत असले तरी वळायचे. तिसऱ्यांदा मशीन म्हणालं, "अहो," अगदी पहिल्यासारखंच, जराही न चिडता. भाऊजी हात पुसत खिडकीपाशी गेले आणि खाली रस्त्यावर कुणाला कोण बोलावतंय ते बघायला लागले.

"भाऊजी," मी म्हटलं, "ताई हाक मारतेय."

ते वळले. दारात उभे राहून त्यांनी आधी मशीनकडे बघितलं, मग ताईकडे. "काय हवंय?" त्यांनी विचारलं. हात ओलेच होते, ते त्यांनी सदऱ्याला पुसले.

ताईने पडद्यावरचं बोट उचललं आणि पाण्याच्या पेल्याकडे दाखवलं.